टर्बो बदलण्यापूर्वी: बूस्टचा दाब कसा राखला जातो आणि तो कसा तपासावा

टर्बो असलेल्या जुन्या गाडीचा जोर एखाद्या दिवशी चढणीवर अचानक नाहीसा होतो, मागून काळा धूर येऊ लागतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गॅरेजमध्ये नेल्यावर पहिले वाक्य कानी पडते ते "टर्बो गेला" असे. कधी कधी ते खरेही असते. परंतु टर्बो हा एका लांब साखळीतला सर्वांत महाग दुवा आहे, आणि त्याच्या आधी असलेल्या नळ्या, क्लिपा, व्हॉल्व्ह आणि सेन्सर यांपैकी कोणाचाही दोष बाहेरून अगदी तसाच दिसतो. माझ्या डिझेल गाडीचा जोर खंडाळ्याच्या चढणीवर असाच गेला होता. एका गॅरेजने नवा टर्बो बसवण्याचा सल्ला दिला, आणि प्रत्यक्षात दोष निघाला तो करंगळीहूनही बारीक अशा व्हॅक्यूमच्या रबरी नळीत, जी एका वाकावर तडकलेली होती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि नवख्यांनीही तो पाळावा असे मला मनापासून वाटते: इंजिनाने मागितलेला दाब आणि त्याला मिळालेला दाब हे दोन आकडे शेजारी-शेजारी पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये. ते आकडे कुठून येतात, कसे वाचायचे आणि त्यांवरून दोषापर्यंत कसे पोहोचायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी समजून घ्या: दाबाला लगाम का लागतो

टर्बोच्या एका दांड्याच्या एका टोकाला टर्बाइनचे चाक असते आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू टर्बाइन फिरवतो, त्याच वेगाने कॉम्प्रेसर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे पाठवतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. वातावरणाच्या दाबाहून जो जास्तीचा दाब त्यातून निर्माण होतो, त्याला बूस्ट म्हणतात.

अडचण अशी आहे, की ही व्यवस्था स्वतःलाच चढवत नेते. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जाळता येते, इंधन जास्त जळले की बाहेर पडणारा वायू वाढतो, वायू वाढला की टर्बाइन आणखी जोरात फिरते आणि हवा आणखी वाढते. छोट्या गाड्यांच्या टर्बोचे चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्याही पुढे जाऊ शकते. या चक्राला कोणी आवरले नाही, तर डिझेल इंजिनात सिलिंडरमधला दाब आणि टर्बोचा वेग सुरक्षित मर्यादेबाहेर जातो. पेट्रोल इंजिनात त्याच्याही आधी नॉकिंग सुरू होते, म्हणजे ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते आणि त्याच्या धक्क्यांनी पिस्टन फुटू शकतो. म्हणून टर्बो मुद्दाम असा निवडतात, की तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही पुरेशी हवा देईल, आणि जास्त फेऱ्यांवर त्याला जे अधिक झेपते ते नियंत्रणाने रोखले जाईल.

नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच असतो. दाबलेली हवा कुठेतरी सोडून देऊन बूस्ट कमी केला जातो, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात लगाम हवेच्या बाजूला नसतो, तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूच्या बाजूला असतो. टर्बाइनला मिळणारी ऊर्जा कमी-जास्त करूनच कॉम्प्रेसरचा दाब कमी-जास्त केला जातो. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर "फुस्स" असा आवाज करणारा एक व्हॉल्व्ह हवेच्या बाजूला असतो खरा, पण त्याचे काम वेगळे आहे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेची झडप, एकाएकी मिटल्यावर कोंडलेली हवा कॉम्प्रेसरवर उलटी आदळू नये, एवढ्यापुरताच तो उघडतो.

पहिली पायरी: आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे ते ओळखा

पहिली पद्धत वेस्टगेटची. धरणाला सांडवा असतो तसे टर्बाइनच्या घरात एक छोटे झडपेचे दार असते. ते उघडले की काही वायू चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो आणि चाकाचा वेग आटोक्यात राहतो. हे दार एका दांडीने उघडते, ती दांडी एका पत्र्याच्या डबीला जोडलेली असते, आणि डबीत रबरी पडदा व स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरच्या तोंडाकडून आलेली बारीक नळी डबीत हवेचा दाब नेते. तो दाब स्प्रिंगवर मात करू लागला की दार उघडू लागते. स्प्रिंग ०.५ बारची (१ बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) असेल, तर दुसरे काहीही नसताना बूस्ट साधारण तेवढ्याच पातळीवर अडतो.

याहून जास्त बूस्ट हवा असेल, तेव्हा त्या बारीक नळीच्या मार्गात एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा, व्हॉल्व्ह बसवतात. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, हा व्हॉल्व्ह सेकंदाला अनेकदा उघड-मीट करतो आणि डबीकडे निघालेल्या दाबाचा काही भाग परत वळवतो, त्यामुळे डबीला खरा दाब कमी जाणवतो आणि दार उशिरा उघडते. उघड-मिटीच्या एका आवर्तनात व्हॉल्व्ह किती वेळ चालू राहिला याच्या टक्केवारीला ड्यूटी सायकल म्हणतात. या रचनेतला एक विचार मला फार मोलाचा वाटतो: व्हॉल्व्हची तार तुटली, तर सगळा दाब डबीकडे जातो, दार लवकर उघडते आणि बूस्ट कमी होतो. म्हणजे वीज गेली, तर इंजिन दुबळे होते, फुटत नाही.

हे शहाणपण यायला वेळ लागला. १९६२ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत दोन टर्बो गाड्या आणल्या. शेव्हर्लेच्या कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडरमध्ये वेस्टगेटच नव्हता. सायलेन्सरच्या मार्गातला अडथळा दाबाला आवर घालेल, असा हिशेब होता. ओल्ड्समोबिलच्या जेटफायरमध्ये वेस्टगेट होता, आणि शिवाय नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण हवेत फवारले जाई. त्याची टाकी मालकाने आठवणीने भरायची होती, आणि ती रिकामी राहिली की दाब कमी करणारी व्यवस्था कामाला लागे. पुढे १९८२ मध्ये स्वीडनच्या साब कंपनीने नॉकिंगची चाहूल घेणारा सेन्सर आणि वेस्टगेटचा सोलेनॉइड एकमेकांना जोडले, आणि पेट्रोल हलक्या दर्जाचे भरले तरी इंजिन स्वतःच बूस्ट उतरवून घेऊ लागले. आजच्या प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत हाच विचार काम करतो.

दुसरी पद्धत बदलत्या पात्यांची. आपल्याकडे ती व्हीजीटी या नावाने ओळखली जाते. टर्बाइनच्या चाकाभोवती छोट्या पात्यांचे कडे असते. फेऱ्या कमी असताना पाती मिटतात आणि अरुंद फटींतून वायू वेगाने चाकावर आदळतो, जसे नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार जोरात उडते. फेऱ्या वाढल्या की पाती उघडतात. यात वायू वाया जात नाही आणि कमी फेऱ्यांवरचा जोर सुधारतो. पाती आणि त्यांना फिरवणारे कडे तप्त वायूतच हलत असल्यामुळे ही पद्धत मुख्यतः डिझेलमध्ये रुळली, कारण पेट्रोलचा वायू त्याहून तप्त असतो आणि तिथे सुमारे १००० अंश सेल्सिअस सोसणारे महाग धातू लागतात; पोर्शेने २००६ च्या ९११ टर्बोमध्ये ते करून दाखवले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या दोन्ही पद्धती एकाच इंजिनात पाहता येतात. फियाटचे १२४८ सीसीचे १.३ लिटर मल्टीजेट डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही बनत असे, आणि ते अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसले. स्विफ्टमधल्या ७५ पीएसच्या रूपात साधा, वेस्टगेटचा टर्बो आहे, तर एर्टिगा आणि सियाझमधल्या ९० पीएसच्या रूपात व्हीजीटी आहे. दार किंवा पाती हलवणाऱ्या भागाला ॲक्च्युएटर म्हणतात. तिसरा प्रकार इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरचा, ज्यात डबी, पडदा आणि नळी यांऐवजी छोटी मोटर दांडी हलवते आणि दांडी नेमकी कुठे आहे हे ईसीयूला कळवते. चाकणला तयार होणाऱ्या टायगुन आणि कुशाक या गाड्यांतल्या १.० लिटर टीएसआय इंजिनात वेस्टगेट असाच चालतो.

ओळखण्याची रीत सोपी आहे. थंड इंजिनावर टर्बोजवळची डबी शोधा. तिला एकच बारीक नळी असेल आणि ती कॉम्प्रेसरकडून किंवा सोलेनॉइडमार्गे तिकडून येत असेल, तर ती दाबावर चालणारी आहे. नळी ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपाच्या जाळ्यातून येत असेल, तर ती व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा शोषून घेतल्याने होणाऱ्या ओढीवर, चालणारी आहे. नळीऐवजी चार-पाच तारांचा प्लग दिसला, तर ॲक्च्युएटर इलेक्ट्रिक आहे. हा फरक वहीत लिहून ठेवा, कारण पुढे एकाच बिघाडाचे परिणाम यांत परस्परविरुद्ध होतात.

दुसरी पायरी: आकडा वाचायला शिका

मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यावरचा, सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे वातावरणाचा दाब त्यात धरलेलाच असतो. पडद्यावर १८० किलोपास्कल दिसले, तर समुद्रकाठी बूस्ट सुमारे ८० किलोपास्कल, म्हणजे ०.८ बार आहे. डॅशबोर्डवर वेगळे बसवलेले घड्याळी गेज मात्र बहुधा वातावरणाच्या वरचा दाबच दाखवते. या दोन्हींची गल्लत झाली, की चांगल्या गाडीचा आकडाही भयंकर वाटू लागतो.

आता एक बिनखर्चाची आणि अत्यंत उपयोगी चाचणी. इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करा आणि ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून ईसीयूतले आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर, मॅनिफोल्डचा दाब पाहा. इंजिन फिरत नसल्यामुळे तो गावाच्या हवेच्या दाबाएवढाच असला पाहिजे: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात सुमारे ९५, महाबळेश्वरला सुमारे ८६. हवामानानुसार त्यात एक-दोनचा फरक पडेल. पुण्यात ११५ किंवा ७५ दिसत असेल, तर सेन्सर किंवा त्याची तार खोटे बोलत आहे, आणि त्या खोट्या आकड्यावर विसंबून ईसीयू जे करतो आहे त्याबद्दल टर्बोला दोष देण्यात अर्थ नाही. डिझेल गाड्यांत या सेन्सरच्या टोकावर तेलकट काजळी साचते. तो काढून हलक्या हाताने, योग्य क्लीनरने स्वच्छ करणे हा बहुधा सर्वांत स्वस्त उपचार ठरतो.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निरपेक्ष दाब १८० ठेवायचा असेल, तर मुंबईत हवा १.८ पटीने दाबावी लागते आणि महाबळेश्वरला २.१ पटीने, म्हणजे त्याच दाबासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून फार उंचीवर ईसीयू स्वतःच मागणी कमी करतो. तो दोष नव्हे.

तिसरी पायरी: चढणीवरची चाचणी

यासाठी मागितलेला आणि मिळालेला असे दोन्ही दाब दाखवणारा स्कॅनर हवा. साध्या ओबीडी ॲपवर मिळालेला दाब दिसतो, मागितलेला बहुधा दिसत नाही. त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांची खोलातली माहिती वाचणारे साधन लागते, आणि ते चांगल्या गॅरेजमध्ये असते. साध्या ॲपची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा: दाबाचा हा जुना मानक आकडा एका बाइटचा असल्यामुळे तो २५५ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही, तेव्हा जोरकस डिझेल गाडीत तो २५५ वर अडकलेला दिसला, तर बूस्ट तिथेच अडला असे समजू नये.

इंजिन पूर्ण तापू द्या, तेलाची पातळी पाहा, रहदारी नसलेली सुरक्षित चढण निवडा आणि स्कॅनर पाहायला दुसरा माणूस शेजारी बसवा. तिसऱ्या गिअरमध्ये साधारण १५०० फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि वेगमर्यादेच्या आत राहून ३५०० फेऱ्यांपर्यंत नेऊन सोडा. फेऱ्या, मागितलेला दाब, मिळालेला दाब आणि ॲक्च्युएटरची ड्यूटी सायकल एवढ्या चार गोष्टींची नोंद ठेवा. दोनदा-तीनदा चाचणी करा, कारण एकाच नोंदीवरून काढलेला निष्कर्ष फसवा असू शकतो.

चौथी पायरी: नोंदीचा अर्थ लावा

निरोगी गाडीत मिळालेला दाब मागणीच्या किंचित मागून येतो, क्षणभर थोडा वर जातो आणि मग तिच्यावर स्थिर होतो. ईसीयू दोन टप्प्यांनी काम करतो: फेऱ्या आणि भार पाहून ॲक्च्युएटरला आधी एक अंदाजी आज्ञा देतो आणि मग उरलेली तफावत पाहून ती आज्ञा सतत सुधारतो. त्यामुळे ड्यूटी सायकलचा आकडा फार बोलका असतो. ईसीयूला किती धडपड करावी लागते आहे हे तो सांगतो.

मिळालेला दाब मागणीच्या बराच खाली राहतो आणि ईसीयूने ॲक्च्युएटरला टोकापर्यंत ताणलेले आहे, असे दिसले तर हवा गळते आहे, एअर फिल्टर चोंदला आहे, वेस्टगेटचे दार पूर्ण मिटत नाही किंवा पाती उघडीच अडकली आहेत. अशा वेळी ईसीयूत पी ०२९९ हा बिघाडाचा कोड नोंदला जातो. याउलट दाब मागणीच्या वर उसळला आणि पी ०२३४ हा कोड आला, तर पाती मिटलेल्या स्थितीत काजळीने धरली आहेत किंवा वेस्टगेटला उघडण्याचा निरोपच पोहोचत नाही. हा दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. ईसीयू इंधन कापून गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी केलेल्या जोरावर, टाकतो ते इंजिन वाचवण्यासाठीच, म्हणून कोड पुसून तसेच पुढे जाऊ नये.

ॲक्च्युएटर कोणत्या प्रकारचा आहे याची पहिल्या पायरीत वहीत केलेली नोंद इथे कामी येते. बारीक नळी निसटली, तर दाबावर चालणाऱ्या डबीत दार मिटलेलेच राहते आणि बूस्ट वाढतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत मात्र नळी निसटली, की पाती उघडी राहतात आणि बूस्ट पडतो. बिघाड एकच, लक्षणे दोन. गॅरेजमधल्या चुकीच्या निदानांचे मूळ मला अनेकदा याच ठिकाणी दिसले आहे.

कधी कधी मागणीच कमी असते आणि मिळालेला दाब तिच्याशी बरोबर जुळतो. मग बूस्टच्या नियंत्रणात काही शोधू नका. हवा फार तापली आहे, नॉकिंग जाणवते आहे, डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरला आहे किंवा दुसराच कुठला कोड आहे, म्हणून ईसीयूने हात आखडता घेतला आहे. आणि दाब मागणीभोवती सतत वर-खाली हेलकावत असेल, तर दांडीचे झिजलेले सांधे, अडखळणारी पाती किंवा आळसावलेला सोलेनॉइड यांकडे पाहावे.

पाचवी पायरी: नळ्यांपासून सुरुवात करा

कॉम्प्रेसरपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणारे जाळे) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत जाणाऱ्या जाड होसवर सगळ्यात आधी हात फिरवा. साधारण ०.९ बार बूस्टवर, बाहेर ३५ अंश असताना कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा १२० अंशांच्या आसपास असू शकते, आणि त्या उष्णतेने रबर वर्षानुवर्षे कडक होत जाते. आतून तेलाचा पातळ थर असणे नेहमीचे आहे. बाहेरून एखाद्या जोडावर तेल आणि धूळ यांचा ताजा काळा पट्टा दिसला, तर हवा तिथूनच निसटते आहे. भार आल्यावर सूं असा आवाज, पिकअप नाही आणि डिझेलमध्ये काळा धूर, ही तिन्ही लक्षणे एकत्र आली, तर होस फाटल्याची शक्यता मोठी असते. चीर कधी कधी दाब आल्यावरच उघडते, म्हणून गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून, जोडांवर साबणाचे पाणी लावून, हलक्या दाबाने किंवा धूर सोडून तपासणी करून घ्यावी. गॅरेजमधल्या हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीचा पूर्ण दाब त्यात सोडू नये. त्याने चांगले जोडही निघतात.

बारीक नळ्या त्यानंतर पाहा, पण निम्म्या काळजीने नव्हे. प्रत्येक टोक काढून वाकवून बघा, तडा दिसला तर चिकटपट्टी न लावता तेल आणि उष्णता सोसणारी त्याच मापाची नवी नळी बसवा, आणि दोन नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून काढण्याआधी फोटो घ्या.

सहावी पायरी: ॲक्च्युएटर हलतो का ते पाहा

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बहुतेक व्हीजीटीत इंजिन सुरू होताच दांडी ओढली जाते आणि बंद केल्यावर परत येते. मदतनिसाला चावी फिरवायला सांगून हे दुरून, बॅटरीच्या उजेडात पाहता येते. दांडी हललीच नाही, तर थंड इंजिनावर डबीला हातपंपाने व्हॅक्यूम द्या. दांडी सलग सरकली आणि पंपाचा काटा जागेवर टिकला, तर डबी चांगली आहे आणि दोष तिच्या मागच्या नळीत, सोलेनॉइडमध्ये किंवा व्हॅक्यूम पंपात शोधावा. काटा घसरला, तर पडदा फाटला आहे. काटा टिकला पण दांडी अडखळली, तर पाती काजळीने धरली आहेत. नेहमी गावातल्या गावात, कमी फेऱ्यांवर चाललेल्या डिझेल गाड्यांत हे जास्त होते. अधूनमधून महामार्गावर लांब फेरी मारल्याने पाती हलती राहायला मदत होते, पण एकदा घट्ट अडकलेली पाती टर्बो उतरवून स्वच्छ करावी लागतात.

दांडीची लांबी आणि तिला थांबवणारा स्क्रू यांना हात लावू नका. ते मोजणी करून बसवलेले असतात, आणि अंदाजाने फिरवलेला अर्धा आटासुद्धा दाबाची सगळी गणिते बिघडवतो.

एवढे सगळे ठीक निघाल्यावरच खुद्द टर्बोकडे वळा. एअर फिल्टरकडची होस काढून कॉम्प्रेसरचे चाक थंड व बंद इंजिनावर बोटाने फिरवून पाहा. आडवी, अगदी किंचित हालचाल चालते. चाक घराला घासले असेल, पात्यांची टोके तुटली असतील किंवा दांडा पुढे-मागे खेळत असेल, तर मात्र टर्बोच गेला आहे, आणि नवा बसवण्याआधी त्याला तेल पोहोचवणारी नळी स्वच्छ आहे की नाही हे पाहणे आवश्यक आहे. ती चोंदलेली राहिली तर नवाही त्याच वाटेने जातो.

सातवी पायरी: दुरुस्तीनंतर पुन्हा तीच चढण

कोड पुसा. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर काढला किंवा बदलला असेल, तर त्याची दोन्ही टोके ईसीयूला पुन्हा शिकवण्याची प्रक्रिया स्कॅनरवरून करून घ्या. ती राहून गेली, तर नवा भागही सदोष असल्यासारखा वागतो. मग त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, गाडीत तेवढीच माणसे घेऊन पुन्हा चाचणी करा आणि आधीच्या नोंदीशेजारी नवी नोंद ठेवा. दोन्ही कागदांवर तारीख, हवेचे तापमान आणि गाडीचे किलोमीटर लिहा, आणि ते गाडीच्या कागदपत्रांतच ठेवा. पुढच्या वेळी जोर कमी झाल्यासारखा वाटला, तर पहिली तुलना याच कागदाशी करता येईल.